बारा मैलांपलीकडचा समुद्र

खुल्या समुद्रातील जैवविविधतेच्या संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १७ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. कोणत्याही एका देशाच्या अधिकाराखाली नसलेल्या पाण्यात, म्हणजे सामान्यतः किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडे, संरक्षित क्षेत्रे घोषित करण्याची कार्यपद्धती या कराराने प्रथमच घालून दिली. संयुक्त राष्ट्रांत तो जून २०२३ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने त्यावर स्वाक्षरी केली. ही घटना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. पण तिच्यामुळे आपल्याच दारातली एक विसंगती उघडी पडली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, आपला वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्य घोषित करू देतो. २०० मैलांच्या पलीकडे आता हा करार आहे. मधल्या १८८ मैलांच्या पट्ट्याचे काय? तेथील साधनसंपत्तीवर भारताचा पूर्ण हक्क आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर भरते, आणि तेथील जीवसृष्टीसाठी आपण आजवर फारसे काही केलेले नाही.

समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर दूर असलेल्या चंडीगडमध्ये बसून हे लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोकणातला वाचक विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आमच्याकडच्या शेतातही आता समुद्र शिरला आहे. पंजाबच्या मुक्तसर, फाजिल्का आणि हरियाणाच्या सिरसा या जिल्ह्यांत कालव्यांच्या पाण्याने जमिनी पाणथळ आणि खाऱ्या झाल्या. गहू-कापूस पिकेना, तेव्हा शेतकऱ्यांनी तेथे तळी खोदून कोळंबी वाढवायला घेतली. हे तंत्र रुजवण्यात मुंबईत वर्सोव्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या रोहतकजवळील लाहली केंद्राचा मोठा वाटा आहे. कोळंबीचे बीज किनारपट्टीवरच्या उबवणी केंद्रांतून येते आणि तिच्या खाद्यात माशांची भुकटी असते. त्या भुकटीसाठी ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलेली, बाजारात न खपणारी लहान मासळीही वापरली जाते. तेव्हा मुक्तसरच्या शेतकऱ्याचा ताळेबंदही काही अंशी अरबी समुद्रावर उभा आहे. त्याला ते ठाऊक नसेल, इतकेच.

आता त्या बारा मैलांच्या रेषेकडे येऊ. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची २१ वी नोंद ‘मत्स्यव्यवसाय’ अशी आहे, तर संघसूचीची ५७ वी नोंद प्रादेशिक जलक्षेत्राबाहेरील मासेमारीची. घटनाकारांनी हे लिहिले तेव्हा देशातली बहुतेक मासेमारी शिडाच्या आणि वल्ह्याच्या होड्यांतून, किनारा दृष्टीआड न होऊ देता चाले. त्यामुळे ही विभागणी त्या काळी कोणाला खटकण्याचे कारण नव्हते. पुढे यांत्रिक नौका आणि ट्रॉलर आले, आणि सत्तरच्या दशकात गोव्यात माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकर रस्त्यावर उतरले. किनाऱ्यालगतचे पाच किलोमीटर पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, ही त्यांची मागणी होती. त्या संघर्षाच्या काळातच केंद्राने मजुमदार समिती नेमली आणि १९७९ मध्ये राज्यांना नमुना विधेयक पाठवले. केरळ आणि गोव्याने १९८० मध्ये, महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. हे सारे कायदे बाराव्या मैलावर थांबतात. त्यापुढे परदेशी नौकांसाठी केंद्राने १९८१ मध्येच कायदा केला. भारतीय नौकांसाठी मात्र तसा सर्वंकष कायदा झाला नाही. २००९, २०१९ आणि २०२१ मध्ये मसुदे आले आणि मसुदेच राहिले.

याचा परिणाम पर्ससीनच्या वादात स्पष्ट दिसतो. तारली-बांगड्याच्या अख्ख्या थव्याभोवती जाळ्याचे कडे टाकायचे आणि बटव्याची दोरी ओढावी तसा त्याचा तळ आवळायचा, अशी ही पद्धत. तिने थवाच्या थवा उचलला जातो. महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीने पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणावेत असे सुचवले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने या मासेमारीवर निर्बंध घातले आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीसाठी तो पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहे. पूर्वी हे खटले तहसीलदारापुढे चालत. ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सातबारा, शिधापत्रिका आणि निवडणुका एकदम पडलेल्या असतात, त्याने जाळ्याचा आस मोजावा ही अपेक्षा मला नेहमीच थोडी करुण वाटत आली. ते अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेले हे योग्यच झाले. पण नौकेने बारावा मैल ओलांडला की राज्याचा अधिकारी दुर्बिणीतून पाहत राहतो.

तमिळनाडूने आपल्या पाण्यात पर्ससीनवर पूर्ण बंदी घातली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की बारा मैलांच्या पलीकडे, फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळेत पर्ससीन वापरता येईल. न्यायालयाने उपलब्ध चौकटीत मार्ग काढला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माशांच्या प्रजननाचा, साठ्याचा, हंगामाचा विचार करणारी यंत्रणा त्या पाण्यात असती, तर वार आणि घड्याळाचे काटे ठरवण्याची वेळ न्यायमूर्तींवर आली नसती. पावसाळी बंदीचेही तसेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यासाठी बारा मैलांच्या आत राज्य सरकार आदेश काढते आणि त्याच तारखांसाठी बाहेरच्या पाण्याकरिता केंद्र सरकार दुसरा आदेश काढते. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहिल्याशिवाय होडी समुद्रात न लोटणाऱ्या कोळी समाजाची बंदी एकच होती, आणि तिला मैलांचे बंधन नव्हते.

समुद्रातल्या जीवांना ही रेषा दिसत नाही हे सांगण्याची गरज नाही, तरी एक उदाहरण देतो. ओडिशात गहिरमाथाच्या किनाऱ्यावर १८ मार्च २०२१ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरची कासवे आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवे यांचा एकमेकांशी संबंध नसावा, हा समज त्या एका क्रमांकाने डळमळला. अंडी घालण्याच्या जागी, वेळासपासून गहिरमाथापर्यंत, तिच्या जातीला पहारेकरी आहेत. चार वर्षांत तिने किती राज्यांचे पाणी ओलांडले आणि किती काळ ती बारा मैलांच्या बाहेर होती, याचा हिशेब कोणत्याच खात्याकडे असणार नाही.

कासव निदान फिरते. प्रवाळाला जागा सोडता येत नाही, म्हणून खरी कसोटी त्याची आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर समुद्रतळातून एक पठार वर आलेले आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे. उत्तर-दक्षिण लांबी अंदाजे ४० किलोमीटर आणि रुंदी १५ किलोमीटर. नकाशावर त्याचे नाव आंग्रिया बँक. कोकणच्या किनाऱ्यालगतचे पाणी नद्यांच्या गाळाने वर्षातले कित्येक महिने गढूळ असते आणि प्रवाळाला तर प्रकाश हवा. त्यामुळे मालवणसारख्या मोजक्या जागा सोडल्या तर किनाऱ्यावर प्रवाळ तुरळक आहे. आंग्रिया बँकेपर्यंत हा गाळ पोहोचत नाही. तेथे सूर्यप्रकाश खोलवर जातो आणि म्हणून भर समुद्रात, जमिनीचा मागमूस नसताना, प्रवाळांची वसाहत उभी राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या कोचीतील सागरी जीवसंपदा केंद्राच्या आणि अन्य संस्थांच्या संशोधकांनी तेथे मोहीम नेऊन प्रवाळ व माशांच्या नोंदी केल्या. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ-विरंजनाची घोषणा झाली, त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. अशा काळात तुलनेने खोल आणि स्वच्छ पाण्यातल्या वसाहती कितपत तग धरतात, हा शास्त्रज्ञांच्या आस्थेचा विषय आहे. तो अभ्यास करायचा तर आधी ती वसाहत शिल्लक राहायला हवी. नांगर, तळ खरवडणारे ट्रॉल, तुटलेली जाळी यांपैकी कशालाही तेथे आज कायद्याची आडकाठी अशी नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या नावापाशी मला थांबावेसे वाटते. ज्या कान्होजी आंग्रे यांना इंग्रज चाचा म्हणत, त्यांच्याच घराण्याचे नाव इंग्रजी सागरी नकाशात कायमचे उमटले. कान्होजींचे म्हणणे साधे होते: या पाण्यातून जायचे तर आमचे दस्तक घ्या. पोर्तुगीज तेच करीत होते; त्यांच्या परवान्याला कोणी चाचेगिरी म्हटले नाही. समुद्रावर हक्क सांगायचा तर तेथे प्रत्यक्ष हजर असावे लागते, हे कान्होजींना कळले होते. त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, खुद्द पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजींचा बंदोबस्त करण्याची पुण्याची कारणे पुण्यापुरती पटण्याजोगीही असतील. पण जमिनीवरच्या राजधानीने समुद्राचा हिशेब कसा चुकवला, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या इतिहासात दुसरे नाही. सरदार का. मा. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये भारत आणि हिंदी महासागर या विषयावर पुस्तक लिहून हीच खंत मांडली. आमच्या शेजारच्या पतियाळा संस्थानाचे ते एकेकाळी परराष्ट्रमंत्री होते, हा एक गमतीचा योगायोग.

कोणी म्हणेल, की बारा मैलांपलीकडे हात पोहोचत नाही, त्याला सरकार काय करणार? हे म्हणणे टिकत नाही. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमाने केंद्राला दोन मोठे अधिकार दिले. अनन्य आर्थिक क्षेत्रातला कोणताही भाग ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून अधिसूचित करून तेथील साधनसंपत्तीचे आणि सागरी पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी तरतुदी करता येतात, हा पहिला. देशातला कोणताही प्रचलित कायदा, आवश्यक ते फेरफार करून, त्या पाण्याला लागू करता येतो, हा दुसरा. हे अधिकार धूळ खात पडले आहेत असेही नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये भारतीय दंड संहिता याच कलमाखाली २०० मैलांपर्यंत नेण्यात आली. पुढे सीमाशुल्क कायदाही निर्दिष्ट क्षेत्रांना लागू झाला. तेलविहिरींवर वापरायच्या मालाला शुल्क का द्यावे, असा वाद आबान लॉइड कंपनीने सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा २००८ मध्ये न्यायालयाने निर्वाळा दिला, की सीमाशुल्कापुरती ही निर्दिष्ट क्षेत्रे भारताचाच भाग आहेत.

म्हणजे चोर पकडायचा असेल तर कायदा तेथवर जातो, शुल्क वसूल करायचे असेल तरीही जातो. वन्यजीव संरक्षण कायद्यासाठी तशी अधिसूचना निघालेली नाही. प्रवाळ आणि व्हेल शार्क हे त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री त्यांचा दर्जा वाघाचा आहे. मेलेला व्हेल शार्क धक्क्यावर उतरवला तर तो गुन्हा ठरतो. तो जेथे जगतो ती जागा मात्र राखीव करता येत नाही, कारण अभयारण्याची तरतूद प्रादेशिक जलक्षेत्रापाशी संपते.

असे का व्हावे? माझ्या नोकरीतली काही वर्षे दोन सरकारांमध्ये फिरणाऱ्या फायली पाहण्यात गेली, त्यावरून उत्तर फार गूढ आहे असे मला वाटत नाही. १९७६ चा कायदा परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. प्रवाळ पर्यावरण मंत्रालयाकडे, मासे मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे, सर्वेक्षण भूविज्ञान मंत्रालयाकडे, तेल पेट्रोलियमकडे, गस्त तटरक्षक दलाकडे. ज्या विषयावर सहा जणांचे अभिप्राय मागवावे लागतात आणि ज्यातून कोणालाच महसूल मिळत नाही, तो विषय कोणी नाकारत नाही. तो फक्त ‘विचाराधीन’ राहतो. तेलाच्या मागे एक मंत्रालय उभे होते, शुल्काच्या मागे दुसरे. आंग्रिया बँक निर्दिष्ट क्षेत्र व्हावी ही मागणी महाराष्ट्रातून होत आली आहे, पण तिच्या मागे दिल्लीतला कोणताही एक सचिव स्वतःचे काम म्हणून उभा नाही.

४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले, हे या दिशेने पडलेले पहिले खरे पाऊल. यांत्रिक आणि मोठ्या नौकांना आता ऑनलाइन प्रवेश परवाना घ्यावा लागेल; लहान पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. एलईडी मासेमारी आणि दोन नौकांनी मिळून ओढायचे ट्रॉल यांवर बंदी आहे, आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. परदेशी नौकांना दार बंद ठेवले, हेही बरे. नव्वदच्या दशकात संयुक्त उपक्रमांच्या नावाखाली ते उघडले होते आणि मच्छीमारांच्या देशव्यापी आंदोलनानंतर, मुरारी समितीच्या अहवालामुळे, मागे घ्यावे लागले होते. पण या नियमांचा रोख मासळीच्या दोहनावर आहे, आणि तो त्यांच्या नावातच आहे. एखादी जागा अस्पर्श राहावी म्हणून राखून ठेवण्याचा विचार त्यांच्या केंद्रस्थानी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे जगाने २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. भारत त्यात आहे. केवळ बारा मैलांच्या आतल्या पाण्यात ते गाठता येणार नाही, हे साध्या अंकगणिताने कळते.

आता दुसरी बाजू. मालवणचे सागरी अभयारण्य एप्रिल १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २९ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात. स्थानिक मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला आणि तो विरोध अडाणीपणाचा नव्हता. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली, तेथे वनखात्याची पाटी लागणार आणि शेजारच्या राज्यांतले वेगवान ट्रॉलर मात्र रात्री येऊन जाणार, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. परिणामी अभयारण्य राजपत्रात राहिले आणि मने दुरावली. अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताचे रक्षण करावे, असे वन्यजीव कायद्याचे कलम २६अ सांगते. ते कलम पाळले असते तर चाळीस वर्षे वाया गेली नसती, असे मला वाटते.

याच राज्याने उलट अनुभवही घेतला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने एक योजना आणली. संरक्षित कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळ्यात सापडला, तर मच्छीमाराने जाळे कापून तो सोडावा, त्याचे चित्रीकरण करावे आणि फाटलेल्या जाळ्याची २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. तेथे ना पहारेकरी, ना पाटी. भर समुद्रात, कोणी पाहत नसताना, चाकू उचलण्याचा निर्णय नाखवाच करतो. मला ही योजना मोठमोठ्या घोषणांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात मच्छीमाराचे नुकसान हे नुकसान म्हणून मान्य केले आहे.

आंग्रिया बँकेचा आराखडा या दोन अनुभवांच्या मधून काढावा लागेल. पठारावर नांगर टाकणे, तळाचे ट्रॉल आणि पर्ससीन पूर्ण बंद. गळाने मासेमारी करणाऱ्यांना मुभा. आणि देवगड, मालवण, रत्नागिरीच्या मच्छीमार सहकारी संस्थांना देखरेख समितीत केवळ निमंत्रण नव्हे, तर मत. गस्तीची सबबही आता पूर्वीइतकी चालणार नाही. इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले एक लाख ट्रान्सपॉन्डर मासेमारी नौकांवर बसवण्याची केंद्राची योजना सुरू आहे. कोणती नौका कोठे आहे हे किनाऱ्यावर बसून कळेल.

राहिला केंद्र आणि राज्य यांच्यातल्या ताळमेळाचा प्रश्न. त्या बाबतीत आम्हा चंडीगडकरांना थोडा अनुभव आहे. १९६६ च्या पंजाब पुनर्रचना कायद्याने एका शहराला दोन राज्यांची राजधानी केले आणि सतलज-बियासच्या धरणांसाठी एका संयुक्त मंडळाची तरतूद केली. भाक्रा बियास व्यवस्थापन मंडळाचा कारभार आमच्याच शहरातून चालतो आणि तो गुण्यागोविंदाने चालतो असे कोणी म्हणणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पंजाब आणि हरियाणा पाण्यावरून अक्षरशः हातघाईवर आले होते. तरीही जलाशयाची पातळी दोन्ही राज्यांना एकाच आकड्यात कळते, आणि भांडायला एक टेबल आहे. अरबी समुद्रासाठी केंद्र, महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांचे असे वैधानिक मंडळ नाही. माशांचे साठे, जाळ्यांचे परवाने आणि बंदीच्या तारखा यांच्या नोंदी जो तो आपापल्या दप्तरात ठेवतो. मंडळ स्थापन करायला संसदेचा कायदा लागेल, त्याला वेळ जाईल. आंग्रिया बँकेच्या अधिसूचनेला मात्र नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाचा ठराव, पर्यावरण मंत्रालयाची शिफारस आणि परराष्ट्र मंत्रालयाने १९७६ च्या कायद्याच्या सातव्या कलमाखाली राजपत्रात छापलेले एक पान, एवढ्यावर ते काम होते.